मामेसासऱ्यांना बिल कसे पाठवायचे?

(पत्रलेखिकेची ओळख उघड होऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

पत्रलेखिका ३१ वर्षांच्या आहेत. कोल्हापुरातच उपयोजित कलेचे शिक्षण घेऊन त्यांनी चार वर्षे एका प्रिंटिंग प्रेसमध्ये नोकरी केली आणि गेली तीन वर्षे त्या राजारामपुरीतील आपल्या घरातून स्वतंत्रपणे डिझाइनची कामे करतात. लोगो, पाकिटे, लग्नपत्रिका, मुखपृष्ठे असे कामाचे स्वरूप आहे. वर्षाला सहा लाखांच्या आसपास काम होत असावे असा त्यांचा अंदाज आहे; नक्की आकडा सांगता येत नाही, कारण तो कुठे लिहिलेला नाही. त्यांच्या मामेसासऱ्यांचा कांदा-लसूण मसाल्याचा व्यवसाय आहे. पाकिटाच्या डिझाइनचे १२ हजार रुपये तोंडी ठरले. पुढे एका पाकिटाची नऊ पाकिटे झाली, वर एक होर्डिंगही झाले. सहा आठवडे, रविवार सोडून रोज तीन तास हे काम चालले. आज सात महिने झाले, पैसे आलेले नाहीत, आणि मामा आता सर्व पाकिटांच्या ओपन फाइल्स, म्हणजे संगणकावर बदल करता येणाऱ्या मूळ फाइल्स, मागत आहेत. दुसरीकडे पुण्याची एक एजन्सी ६० हजारांचे काम द्यायला तयार आहे; पण ती दहा टक्के कापून पैसे देणार म्हणते आणि जीएसटीचे बिल मागते. पत्रलेखिका विचारतात : "घरच्या माणसाला बिल कसे पाठवायचे? आपल्याकडे व्यवहार तोंडावर चालतो, कागद मागितला की माणसे दुखावतात. दर वाढवला तर आहे ते कामही जाईल. त्यापेक्षा शिरोली एमआयडीसीतील एखाद्या कंपनीत नोकरी धरावी का?" त्यांचे वडील करवीर तालुक्यात गुऱ्हाळ चालवतात, हेही त्यांनी जाता जाता लिहिले आहे.

तुमचे पत्र चार पानांचे आहे आणि त्या चार पानांत मला एक गोष्ट कुठेही सापडली नाही, ती म्हणजे तुम्ही मामांना बिल पाठवल्याचा उल्लेख. एका वास्तुशांतीला तुम्ही विषय काढलात, एकदा मामींच्या कानावर घातलेत, आणि त्यावर मामा "देऊ की, पळून जातोय होय?" असे म्हणाल्याचे तुम्ही लिहिता. त्या उत्तराने तुम्हाला झालेला त्रास मला समजतो. परंतु किती रुपये, कोणत्या कामाचे आणि कोणत्या तारखेपर्यंत हवे आहेत, हे तुम्ही त्यांना एकदाही सांगितलेले दिसत नाही.

थोडा वेळ मामांच्या जागेवरून पाहू. त्यांच्याकडे मिरची येते, लसूण येतो, पाकिटांचे छापील रोल येतात. प्रत्येक मालाबरोबर बिल येते आणि त्या बिलावरून त्यांचा हिशेबनीस पैसे चुकते करतो. तुमचे काम मात्र मोबाइलवर आले, मोबाइलवरच मंजूर झाले आणि छपाईला गेले. त्यांच्या दफ्तरात तुमच्या नावाची ओळच नाही. ठरलेले १२ हजार एका पाकिटाचे होते की नऊ पाकिटांचे, हे कदाचित त्यांनाही ठाऊक नसेल, आणि किती द्यायचे ते नक्की माहीत नसले की देणे पुढे ढकलले जाते. सात महिने हा काळ मोठा आहे आणि पैसे न देता फाइल्स मागणे मला अजिबात योग्य वाटत नाही. पण मामा टाळत आहेत की विसरले आहेत, हे ओळखण्याचे कोणतेही साधन आज तुमच्या हातात नाही. ते साधन बिलच देऊ शकेल.

आता तुमच्या पत्रातील ज्या वाक्यावर सगळा डोलारा उभा आहे, त्याकडे येते. "आपल्याकडे व्यवहार तोंडावर चालतो" असे तुम्ही म्हणता. तुमच्या वडिलांना विचारा. शाहू मार्केट यार्डात गुळाचा सौदा बोलीवर होतो हे खरे. पण सौदा झाला की अडत्याकडून पट्टी येते. किती रवे (गुळाच्या ढेपा) गेले, वजन किती भरले, भाव काय निघाला, कपात कशाची झाली आणि हातात किती पडले, हे सगळे त्या पट्टीवर लिहिलेले असते. त्या अडत्याशी तुमच्या वडिलांचा कदाचित वीस वर्षांचा घरोबा असेल, दोघे एकमेकांच्या घरच्या लग्नात जेवून आले असतील, तरीही पट्टी चुकत नाही, आणि पट्टी मागितली म्हणून अडत्या रुसल्याचे कोणी ऐकलेले नाही. आपल्या शहरातील व्यापार तोंडी नाही. तोंडी राहिले आहे ते फक्त कलाकाराचे काम, आणि ते तसे राहण्यात आपण कलाकारांचाही हात आहे.

कोल्हापूरला कलापूर म्हणताना आपण राजाश्रयाची आठवण नेहमी काढतो. शाहू महाराजांच्या दरबारी उस्ताद अल्लादियाँ खाँसाहेब गायक म्हणून होते, ते दरबाराच्या नोकरीत होते. त्या आश्रयात मानाइतकाच वेतनाचाही भाग होता. पुढे मान लक्षात राहिला आणि वेतन विसरले गेले, म्हणून आज एखाद्या चित्रकाराला शाल आणि श्रीफळ देताना कोणाचा हात आखडत नाही, पण त्याचे बिल मात्र महिनोन्महिने टेबलावर पडून राहते. याचे मला मनापासून वाईट वाटते, आणि म्हणूनच तुमचे पत्र मी या आठवड्यात आधी घेतले.

हे मी दुरून सांगत नाही. सदरलेखन सुरू करण्यापूर्वी काही वर्षे मी मुखपृष्ठे आणि मांडणीची कामे करत असे. एका प्रकाशकासाठी मी सलग चौदा पुस्तकांची मांडणी केली आणि "शेवटी एकदम हिशेब करू" या बोलण्यावर विसंबून राहिले. शेवट आला तेव्हा त्यांच्या स्मरणात अकरा पुस्तके होती, आणि माझ्याकडे उरलेल्या तीन पुस्तकांसाठी दाखवायला कागद नव्हता. त्यांनी मुद्दाम केले असे मला तेव्हाही वाटले नाही. पण आमचे बोलणे त्यानंतर थांबले. माझ्याकडे तीन ओळींचे बिल असते तर ते संबंध टिकले असते असे मला आजही वाटते.

दराचा प्रश्न तुम्ही 'वाढवू की नको' असा मांडला आहे. मला तो वेगळा दिसतो : तुमचा दर आज किती आहे, हेच तुम्हाला माहीत नाही. मामांच्या कामाचे तास तुमच्याच आकड्यांवरून मोजले तर सहा आठवडे, आठवड्याचे सहा दिवस, रोज तीन तास, म्हणजे १०८ तास होतात. ठरलेले १२ हजार पूर्ण मिळाले असे धरले तरी तासाला १११ रुपये पडतात. आता उलट्या बाजूने हिशेब करा. समजा, घरखर्चात तुमचा वाटा दरमहा २२ हजार आहे. आरोग्यविमा आणि बचत मिळून ५ हजार. लॅपटॉपची झीज, सॉफ्टवेअर, फॉन्ट, इंटरनेट आणि वीज मिळून ६ हजार. हिशेबाचा आणि किरकोळ खर्च १ हजार. आणि काम नसलेल्या महिन्यांसाठी बाजूला ६ हजार. बेरीज ४० हजार झाली. महिन्याचे २०० तास तुम्ही कामाला बसलात, तरी त्यातील निम्मे फोनवर बोलण्यात, भेटीगाठीत, कोटेशन करण्यात, छापखान्यात प्रूफ पाहण्यात जातात. ज्यांचे पैसे लावता येतील असे तास फार तर १०० उरतात. म्हणजे तासाला ४०० रुपये ही तुमची तळरेषा झाली, तिच्याखाली प्रत्येक तास तुम्ही पदरमोड करून काम करता. हे आकडे माझे आहेत. तुम्ही तुमचे घाला, पण कागदावर घाला.

हा तासाचा दर ग्राहकाला सांगण्यासाठी नाही. गिऱ्हाईकाला कामाची एकरकमी किंमत सांगावी, आणि ती सांगताना ते काम कुठे कुठे वापरले जाणार आहे याचाही विचार करावा. एका गल्लीतील बेकरीच्या पाटीचा लोगो आणि पाच जिल्ह्यांतील दुकानांत जाणारे मसाल्याचे पाकीट यांना तास सारखेच लागले, तरी त्यांची किंमत सारखी असू नये. "कोल्हापुरात एवढे कोणी देत नाही" हे वाक्य तुम्ही वारंवार ऐकले असेल. ते काही वेळा खरेही असते, कारण लक्ष्मीपुरीतील छोट्या दुकानदाराकडे खरोखरच तेवढे पैसे नसतात. अशा वेळी त्याच कामाचा भाव पाडू नका, कामाचा आवाका लहान करून द्या : तीनऐवजी एक पर्याय, तीनऐवजी एक करेक्शन, लोगोबरोबर फक्त पाटी, व्हिजिटिंग कार्ड नंतर. त्यामुळे त्याचे काम होते आणि तुमचा दर बाजारात पडत नाही. काही ग्राहक तरीही जातील. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. नवा दर सुरू करण्याआधी दोन महिन्यांचा घरखर्च शिल्लक ठेवा आणि तो नव्या ग्राहकांपासून सुरू करा. जुन्यांना पुढच्या आर्थिक वर्षापासून, म्हणजे १ एप्रिलपासून नवा दर लागू होईल असे दोन महिने आधी कळवा.

कोटेशनसाठी वकिलाची गरज नाही. एक पान पुरते. काम काय आहे, किती नग, पर्याय किती, करेक्शनच्या फेऱ्या किती, फेऱ्या संपल्यावर पुढील प्रत्येक फेरीचे किती, मॅटर आणि फोटो कोणी द्यायचे, काम किती दिवसांत होईल, पैसे कोणत्या टप्प्यांवर द्यायचे आणि काम मध्येच थांबले तर तोवरच्या कामाचे किती घ्यायचे, एवढे त्यात असावे. निम्मी रक्कम अ‍ॅडव्हान्स घेतल्याशिवाय फाइल उघडू नये असे माझे ठाम मत आहे. लग्नपत्रिकेच्या कामात तर पूर्ण पैसे आधी घ्यावेत, कारण अक्षता पडल्यावर पत्रिकेचे पैसे मागायला कोणाच्या दारात उभे राहणार? हे पान ई-मेलने किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि "मान्य आहे" असे लेखी उत्तर आल्यावरच काम सुरू करा. करार तोंडीही वैध ठरू शकतो. पण तो सिद्ध करताना दम लागतो. माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार इलेक्ट्रॉनिक स्वरूपात झालेला करार केवळ तेवढ्या कारणावरून अमान्य होत नाही, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवरील ती दोन शब्दांची संमतीही मोलाची आहे. ते संभाषण जपून ठेवा, फोन बदलताना विशेषकरून.

ओपन फाइलबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात. कोरल किंवा इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधील फाइल ही एक वस्तू आहे. त्या डिझाइनचा स्वामित्वहक्क ही दुसरी गोष्ट आहे. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ नुसार कलाकृतीचा पहिला मालक सर्वसाधारणपणे तिचा कर्ता असतो. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेले काम मालकाचे ठरते; तुम्ही मामांच्या नोकरीत नव्हता. मात्र एक अपवाद ध्यानात ठेवा : पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेला फोटो, रंगचित्र किंवा व्यक्तिचित्र यांचा हक्क, वेगळे काही ठरले नसेल तर, काम सांगणाऱ्याकडे जातो. पाकिटावर तुम्ही हाताने रंगवलेले चित्र असेल तर यावरून वाद होऊ शकतो, म्हणून जे ठरेल ते लिहून ठेवणे हाच सुरक्षित मार्ग आहे. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. म्हणजे पूर्ण हक्क हवा असणाऱ्या ग्राहकालाही कागदाची गरज तुमच्याइतकीच आहे, हे त्यांना जरूर सांगा.

ओपन फाइल देऊच नये असे मी म्हणणार नाही. मसाल्याच्या व्यवसायाला वजन बदलले, किंमत बदलली की पाकिटात दुरुस्ती करावी लागते, आणि दर वेळी तुमच्याकडे येणे त्यांना शक्य नसेल. छपाईची तयार फाइल मूळ किमतीत द्यावी, ओपन फाइलची किंमत वेगळी सांगावी आणि ती पूर्ण पैसे जमा झाल्यानंतरच सोपवावी. फॉन्ट आणि विकत घेतलेले फोटो यांचा परवाना तुमच्या नावावर असतो. तो फाइलबरोबर आपोआप पुढे जात नाही. हे एका ओळीत लिहून द्या, नाहीतर उद्या त्यांना आलेल्या नोटिशीचे खापर तुमच्यावर फुटेल.

पुण्याच्या एजन्सीने दहा टक्के कापण्याची गोष्ट तुम्हाला लुबाडणुकीसारखी वाटली. ती तशी नाही. व्यावसायिक सेवेचे पैसे एका आर्थिक वर्षात ५० हजारांच्या वर गेले की देणाऱ्या कंपनीला दहा टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापायचा प्राप्तिकर) कापून तुमच्या पॅनवर सरकारकडे भरावा लागतो. १ एप्रिल २०२५ पूर्वी ही मर्यादा ३० हजार होती. ६० हजारांतून ६ हजार कापले जातील, ५४ हजार तुमच्या खात्यात येतील, आणि ते ६ हजार तुमच्याच नावावर जमा झालेले प्राप्तिकराच्या पोर्टलवर दिसतील. ते दिसतात की नाही हे दर तीन महिन्यांनी पाहा. कापले पण भरले नाहीत, असे झाल्यास तेव्हाच विचारता येते. पॅन दिला नाही तर कपात २० टक्के होते, म्हणून बिलावर पॅन नीट लिहा. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. त्यामुळे तुमच्या उत्पन्नात कापलेली रक्कम परत मिळायला हवी, पण त्यासाठी विवरणपत्र भरावेच लागते. अंदाजित उत्पन्नाच्या सोप्या पद्धतीने कर भरता येतो असे तुम्हाला कोणीतरी सांगितले आहे. व्यावसायिकांसाठी निम्मे उत्पन्न करपात्र धरण्याची जी पद्धत आहे, तिच्या यादीत वकील, डॉक्टर, वास्तुविशारद, अंतर्गत सजावटकार, चित्रपट कलाकार अशी नावे आहेत. ग्राफिक डिझायनर असे थेट नाव नाही. तुमचे काम कोणत्या पद्धतीत बसते हे सनदी लेखापालाला एकदा फी देऊन विचारा. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकराचा नवा कायदा लागू असल्यामुळे इंटरनेटवरील जुन्या लेखांतील कलमांचे आकडे पाहून निर्णय घेऊ नका.

जीएसटीचे उत्तर त्यामानाने सोपे आहे. आपल्या राज्यात सेवा देणाऱ्याची वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या वर गेल्यावर नोंदणी सक्तीची होते, आणि सेवा दुसऱ्या राज्यात दिली तरी हीच मर्यादा राहते. तुमची उलाढाल सहा लाख आहे. नोंदणी नसताना बिलावर १८ टक्के लावणे बेकायदा आहे, ते चुकूनही करू नका. एजन्सीला साधे बिल आणि "माझी उलाढाल मर्यादेच्या आत असल्याने मी जीएसटीखाली नोंदणीकृत नाही" असे सही केलेले पत्र द्या. स्वेच्छेने नोंदणी करता येते, आणि तुमचे बहुतेक ग्राहक नोंदणीकृत कंपन्या असते तर मी त्याचा विचार करा असे म्हटले असते, कारण त्यांना त्या कराची वजावट मिळते. पण लग्नपत्रिकेच्या आणि छोट्या दुकानाच्या ग्राहकाला ते १८ टक्के खिशातून जातात, आणि तुमच्यामागे विवरणपत्रांचे चक्र लागते. आज तरी थांबा.

त्याऐवजी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आधी करा. ती सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅन वापरून होते आणि तिला एक रुपयाही लागत नाही. पैसे मागणारी संकेतस्थळे टाळा. ही नोंदणी काम स्वीकारण्याच्या आधी झालेली असावी, म्हणजे तिचा लाभ मागताना वाद होत नाही. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ नुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे, मुदत ठरली असेल तर त्या मुदतीत पण कमाल ४५ दिवसांत, आणि काहीच ठरले नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते आणि सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. व्यवहारात मला याहून उपयोगी वाटते ती प्राप्तिकरातील तरतूद : आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून अशा उद्योगांना मुदतीत न दिलेल्या पैशांची खर्च म्हणून वजावट ग्राहक कंपनीला प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच मिळते. त्यामुळे मार्च जवळ आला की कंपनीचा लेखापालच तुमचे बिल शोधू लागतो. म्हणून बिलावर उद्यम क्रमांक छापा.

व्यवसाय कर बहुतेक स्वतंत्र कलाकारांना माहीत नसतो. महाराष्ट्रात स्वतंत्र व्यावसायिकाला त्याची नोंदणी करून वर्षाला २,५०० रुपये भरावे लागतात. तुमच्या तीन वर्षांचे काय करायचे हेही त्याच लेखापालांना विचारा. बँकेत कामासाठी वेगळे खाते काढा. बिलांना आर्थिक वर्षाप्रमाणे ओळीने क्रमांक द्या आणि प्रत्येकावर दोघांचीही नावे-पत्ते, तारीख, कामाचे वर्णन, रक्कम, पैसे देण्याची शेवटची तारीख आणि बँकेचा तपशील लिहा. आठवड्यातून एक तास फक्त यासाठी ठेवा, आणि तो तास पैसे देणाऱ्या ग्राहकाच्या कामाइतकाच पक्का धरा.

नोकरीबद्दल मी थोडक्यातच लिहिते, कारण हा प्रश्न तुम्ही थकव्यातून विचारला आहे असे मला वाटते. नोकरी धरण्यात कमीपणा काहीच नाही, आणि घरात दुसरे नियमित उत्पन्न नसेल तर ती शहाणपणाचीही ठरेल. पण तीन वर्षांत तुम्ही या व्यवसायाला एकदाही पूर्ण मोबदला मागून पाहिलेले नाही, त्यामुळे तो चालत नाही असा निष्कर्ष आज काढता येणार नाही. सहा महिने कोटेशन, अ‍ॅडव्हान्स आणि बिल या शिस्तीने काम करा, प्रत्येक रुपया लिहा आणि मग तो आकडा शिरोलीच्या पगाराशेजारी ठेवून निर्णय घ्या.

राहिले मामा. आजच्या तारखेचे बिल करा. उशिरा बिल दिल्याने हक्क बुडत नाही. पैशाच्या मागणीला कायद्याने साधारण तीन वर्षांची मुदत असते आणि ती संपण्यापूर्वी लेखी, सहीनिशी कबुली मिळाली तर नव्याने मोजली जाते. कोर्टात जाण्याचा सल्ला मी देत नाही. मुदतीची माहिती हाती असावी एवढेच. बिलात पहिल्या पाकिटाचे ठरलेले १२ हजार लिहा. पुढच्या आठ पाकिटांचे, मूळ रचना तीच असल्याने, प्रत्येकी ३ हजार म्हणजे २४ हजार, आणि होर्डिंगचे ४ हजार. एकूण ४० हजार. त्याखाली 'कौटुंबिक सवलत १० हजार' अशी स्वतंत्र ओळ लिहा आणि देय रक्कम ३० हजार दाखवा. नात्यात सवलत जरूर द्यावी, पण ती कागदावर दिसली पाहिजे. नाहीतर मामा उद्या कुणाला तुमचे नाव सुचवतील तेव्हा सवलतीचा आकडाच तुमचा दर म्हणून सांगतील. पहिल्या पाकिटापलीकडचे दर आधी ठरलेले नव्हते, त्यामुळे त्या रकमेवर बोलणे होणारच, त्याची तयारी ठेवा. आणि हे सगळे करण्यापूर्वी तुमच्या यजमानांशी बोला. पत्रात त्यांचा उल्लेख एकदाच आला आहे, पण मामा त्यांचे आहेत आणि बिल गेल्यावर पहिला फोन त्यांनाच येण्याची शक्यता आहे.

बिलाबरोबर पाठवण्यासाठी मी असे लिहिले असते :

"मामा, सादर नमस्कार. मसाल्याच्या नऊ पाकिटांचे आणि होर्डिंगचे बिल सोबत पाठवत आहे. हे मी काम झाल्यावर लगेच द्यायला हवे होते, माझ्याकडून उशीर झाला. पहिल्या पाकिटाची रक्कम आपली ठरल्याप्रमाणे आहे, पुढच्या पाकिटांचे वेगळे दर लावून त्यात घरची सवलत वजा केली आहे. या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत रक्कम जमा झाली तर सोयीचे होईल. एकदम देणे जड जात असेल तर दोन हप्त्यांच्या तारखा कळवा. ओपन फाइल्स तयार आहेत, रक्कम जमा झाली की त्याच दिवशी पाठवते. पाहुणेपणामुळे त्यांचे वेगळे पैसे लावलेले नाहीत. मामींना नमस्कार सांगा."

फोन आला तर बिलातील कोणती ओळ मान्य नाही एवढेच विचारा, बाकी विषयांवर त्या दिवशी बोलू नका, आणि जो आकडा ठरेल तो संध्याकाळच्या आत त्यांना लिहून पाठवा.